दया, त्याग आणि प्रेम

एखाद्या अंध मुलाच्या किंवा पायाने अधू असलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उद्गार हमखास ऐकू येतात. लग्न ठरण्यापूर्वी लोक म्हणतात, ‘हिला कोण करून घेणार?’ आणि ठरल्यावर म्हणतात, ‘काय मोठ्या मनाचा मुलगा आहे हो!’ पहिल्या उद्गारात कीव आहे, दुसऱ्यात कौतुक आहे. परंतु दोहोंतूनही एक व्यक्ती पार गळून गेलेली आहे. ती म्हणजे स्वतः ती मुलगी. तिला तो मुलगा आवडला काय, तिने त्याच्यात काय पाहिले, तिने त्याला नकार दिला असता तर आपण काय म्हटले असते, हे प्रश्न कोणाला सुचतच नाहीत. जणू प्रेम ही धडधाकट माणसाने वाटावयाची भिक्षा आहे आणि अपंगाने ती दोन्ही हातांनी स्वीकारावयाची आहे.

या समजुतीची तपासणी आम्ही येथे करणार आहोत, आणि त्यासाठी साधन म्हणून घेणार आहोत जपानी चित्रकथा. माणसारख्या गावात जपानी चित्रकथांची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गावाच्या शिवारातच आहे. जेथे कालपरवापर्यंत भाताची खाचरे होती तेथे आज हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा आहे. त्या इमारतींत काम करणारी आणि गावातच खोली घेऊन राहणारी तरुण मंडळी मोबाइलच्या पडद्यावर ज्या गोष्टी वाचतात, त्यांत या चित्रकथाही आहेत. प्रेम म्हणजे काय, याच्या कल्पना आमच्या पिढीने नाटक-कादंबऱ्यांतून घेतल्या. आजची मुले त्या जेथून घेतात ते ठिकाण वडीलधाऱ्यांनीही एकदा पाहून घ्यावे, हे बरे.

या चित्रकथांना जपानीत ‘मंगा’ म्हणतात. शब्द जुना आहे; होकुसाई या थोर चित्रकाराने १८१४ साली आपल्या रेखाचित्रांच्या संग्रहाला हेच नाव दिले होते. आजच्या अर्थाची मंगा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. जाड साप्ताहिकांतून व मासिकांतून ती क्रमशः येते, नंतर तिचे खंड निघतात. जपानी पुस्तकाप्रमाणे ती उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते. आपल्याकडे ‘अमर चित्रकथा’ १९६७ साली सुरू झाली, आणि चित्रांची गोष्ट म्हणजे मुलांची गोष्ट, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. जपानात तसे नाही. तेथे मुलांची मंगा वेगळी, मुलींची वेगळी, प्रौढ पुरुषांची व स्त्रियांचीही वेगळी. त्यामुळे कादंबरीने हाताळावे असे कोणतेही दुःख तेथे चित्रकथेला वर्ज्य नाही. अपंगांचे प्रेम हा विषय त्यांतलाच एक.

एक खुलासा आधीच करतो. सरकारी कागदोपत्री आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे. बोलण्यात ‘अपंग’ अजून आहे. आम्ही दोन्ही वापरू. शब्द बदलल्याने दृष्टी बदलतेच असे नाही, आणि आमचे लक्ष दृष्टीकडे आहे.

प्रथम आपल्या घरातल्या जुन्या गोष्टी पाहू. महाभारतात धृतराष्ट्र जन्मांध आहे. गांधारीला हे कळते तेव्हा ती स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधते, आणि पिढ्यानपिढ्या आपण या कृत्याला पातिव्रत्याचा कळस मानत आलो. इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये गांधारीकडे या नेहमीच्या नजरेने पाहिले नाही, फसवणुकीने दुखावलेले एक अभिमानी मन त्यांना तेथे दिसले. आम्हांस आणखी एक साधी गोष्ट सुचते. नवऱ्याला दिसत नाही म्हणून बायकोनेही न पाहणे याने नवऱ्याची सोय काय झाली? घरात एक अंध होता, तेथे दोन झाले. धृतराष्ट्राला हवी होती ती सोबत. मिळाला तो त्याग. त्यागाने त्याग करणारा मोठा होतो. ज्याच्यासाठी तो केला त्याच्यावर मात्र जन्मभराचे ऋण चढते, आणि ऋणकोला धनकोशी बरोबरीने बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट सुकन्येची. वारुळात तप करणाऱ्या च्यवन ऋषींचे डोळे तिने नकळत काटा टोचून फोडले आणि त्या अपराधाची भरपाई म्हणून राजाने मुलगीच ऋषीला देऊन टाकली. पुढे अश्विनीकुमार येतात, म्हातारा ऋषी तरुण व देखणा होतो आणि कथा गोड होते. येथे त्यागाला चमत्काराची जोड मिळाली आहे. हेच दोन साचे आमच्या कथा-चित्रपटांनी पुढे चालविले: एक तर कोणीतरी थोर मनाने अपंगाचा स्वीकार करावयाचा, नाही तर शेवटच्या अंकात शस्त्रक्रिया होऊन डोळे यावयाचे. आहे त्या शरीरासह, न बरे होता, कोणाचे उपकार न घेता प्रेम करणारा अपंग माणूस या साच्यांत बसत नाही.

हे केवळ गोष्टींपुरते असते तर फारसे बिघडले नसते. परंतु समाज गोष्टींतून जे मानतो तेच पुढे कायद्यांत आणि इस्पितळांत उतरते. जपानात १९४८ साली सुप्रजननाचा म्हणून एक कायदा झाला. ‘सदोष’ संतती जन्मास येऊ नये, हा त्याचा उद्देश. तो १९९६ पर्यंत चालू होता, आणि त्याखाली सुमारे २५ हजार लोकांवर संततिबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या; त्यांपैकी सुमारे साडेसोळा हजारांना संमती विचारलीच गेली नव्हती. ३ जुलै २०२४ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मुळातच घटनाविरोधी होता असा निकाल दिला आणि नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा झाला. तोवर दाद मागणारे कित्येक जण वृद्ध झाले होते.

जपानला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही आणि गर्भ राहण्याची भीती आहे, अशी कारणे पुढे करण्यात आली. स्त्री-संघटनांनी निषेध केला तेव्हा त्या शस्त्रक्रिया थांबल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, त्याच्या १० व्या कलमात, दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या व जाणत्या संमतीवाचून तिला वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. तेव्हा अपंगांच्या प्रेमाची गोष्ट हा काही नाजूक साहित्यिक चोचला नव्हे. या माणसाला इच्छा आहे, हे एकदा मानले की त्याच्या शरीराला त्याला न विचारता हात लावता येत नाही. सारे येथे अडलेले आहे.

आता मंगांकडे वळू. जगभर गाजलेली कथा म्हणजे योशितोकी ओइमा या लेखिका-चित्रकर्तीची ‘कोए नो काताची’; म्हणजे ‘आवाजाचा आकार’. लेखिकेची आई हातवाऱ्यांच्या भाषेची दुभाषी होती. कथेचे मूळ छोटे रूप छापावयास मासिक धजत नव्हते. वकिलांचा आणि जपानच्या कर्णबधिर महासंघाचा सल्ला घेऊन ते २०११ साली छापले गेले. २०१३-१४ मध्ये ती कथा विस्ताराने क्रमशः आली, तिचे ७ खंड झाले आणि २०१६ साली तिच्यावर चलच्चित्रपट निघाला.

कथा अशी. शोको निशिमिया ही बहिरी मुलगी प्राथमिक शाळेत नव्याने येते. ती वहीवर लिहून बोलते. शोया इशिदा हा वर्गातला व्रात्य मुलगा तिची यंत्रे कानांतून ओढून फेकून देतो, तिचा अतोनात छळ करतो. ती शाळा सोडून जाते. मग सारा दोष एकट्या शोयाच्या माथी मारून वर्ग त्यालाच वाळीत टाकतो. काही वर्षांनी तो हातांची भाषा शिकून, तिची जुनी वही घेऊन तिला भेटावयास जातो.

येथून पुढे सरधोपट लेखकाने काय केले असते? पश्चात्तापदग्ध नायक, क्षमाशील नायिका, विवाह, समाप्त. ओइमाने तसे केले नाही. शोयाच्या मनाला एकच शंका कुरतडत राहते: मी हिच्याकडे येतो तो हिच्यासाठी, की माझ्या पापाचे ओझे उतरावे म्हणून? प्रायश्चित्ताला प्रेम म्हणता येईल काय? सुकन्येला विचारला न गेलेला प्रश्न येथे आपणहून उभा राहतो. शोकोही गरीब गाय नाही. सतत ‘क्षमा करा’ म्हणण्याची तिची सवय हा सद्गुण नसून स्वतःचा द्वेष आहे, हे कथा हळूहळू उघड करते, आणि तो द्वेष तिला मरणाच्या कड्यापर्यंत नेतो.

या कथेत एक प्रसंग आहे. शोको ठरवते, की आपल्या मनातले हातांनी नव्हे, आवाजाने सांगावयाचे. जपानीत ‘सुकी’ म्हणजे आवडतोस आणि ‘त्सुकी’ म्हणजे चंद्र. तिचा उच्चार स्पष्ट नसतो. शोया आकाशाकडे पाहतो आणि म्हणतो, होय, आज चंद्र सुंदर आहे. प्रसंग हसू आणणारा आहे आणि काळीज पिळणाराही. परंतु त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. प्रेम व्यक्त करण्याचा पुढाकार बहिऱ्या मुलीचा आहे. ती कोणाच्या स्वीकाराची वाट पाहत बसलेली नाही. तीच निवड करते आहे. आणि गैरसमज झाला तो तिच्या बहिरेपणाने जितका, तितकाच ऐकणाऱ्याच्या कानाने.

चित्रकथेला येथे एक सोय असते, ती कादंबरीला नाही. पात्राचे बोलणे चित्रात फुग्यामध्ये लिहिलेले असते. एका प्रकरणात ओइमा साऱ्या घटना शोकोच्या बाजूने दाखविते आणि तेथे फुग्यांतील अक्षरे अर्धवट, पुसट, तुटकी छापलेली आहेत. वाचक अडखळतो, अंदाज बांधतो, चुकतो. बहिरेपणावर दहा व्याख्याने ऐकून जे कळणार नाही ते त्या पानांवर डोळ्यांना कळते.

दुसरी मंगा रिए आरुगा यांची ‘परफेक्ट वर्ल्ड’, म्हणजे परिपूर्ण जग. २०१४ ते २०२१ या काळात ती प्रसिद्ध झाली, तिचे १२ खंड आहेत आणि २०१९ साली तिला जपानातील मानाचे कोदान्शा पारितोषिक मिळाले. नायक आयुकावा हा वास्तुशिल्पज्ञ. महाविद्यालयात असताना अपघातात त्याच्या कण्याला इजा झाली आणि तो चाकाच्या खुर्चीला जखडला. शाळेतली मैत्रीण कावाना कामाच्या निमित्ताने पुन्हा भेटते आणि त्यांचे प्रेम जमते.

या कथेचे वैशिष्ट्य असे, की ती शरीराची लाज बाळगत नाही. कण्याला इजा झालेल्या माणसाला बसून बसून जखमा होतात, आणि संवेदना नसल्याने त्या त्याला कळत नाहीत. लघवी-शौचावर ताबा राहत नाही. जे पाय काही जाणत नाहीत त्यांत कळा येतात. प्रेमकथेत या गोष्टी लिहिणे म्हणजे रसभंग, असा आपला समज. आरुगा त्या लिहितात, आणि रसभंग होत नाही. उलट विश्वास बसतो. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात आपल्या खुर्चीवरल्या आयुष्याची हकीकत सांगितली आहे. ती वाचलेल्यांना आरुगांची पाने परकी वाटणार नाहीत.

आयुकावाची अडचण मात्र शरीरापेक्षा मनाची आहे. आपण हिच्यावर भार आहोत, हे त्याने मनाशी धरून ठेवले आहे. कावाना त्याची सेवा करता करता थकते, तिला अपघात होतो, आणि तो तिच्या भल्यासाठी म्हणून संबंध तोडतो. वरवर पाहता हा त्याचा त्याग. पण नीट पाहिले तर कावानाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? म्हणजे न विचारता दुसऱ्याचे भले करण्याचा रोग धडधाकटांनाच असतो असे नाही. पुढे दोघे पुन्हा एकत्र येतात ते वेगळ्या पायावर: कोणती मदत कोणी करावयाची, कोणती परक्या माणसाकडून घ्यावयाची, कावानाने कोठे थांबावयाचे, हे बोलून ठरवून. आमच्या मते या १२ खंडांचे सार एवढेच: त्यागाने संसार होत नाही, वाटणीने होतो.

तिसरी, ‘युबिसाकी तो रेनरेन’, सू मोरिशिता या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघींची. २०१९ साली ती सुरू झाली आणि २०२४ च्या आरंभी तिचे दूरचित्रवाणीवर रूपांतर आले. नायिका युकी जन्मापासून बहिरी, महाविद्यालयात शिकणारी. नायक इत्सुओमी देशोदेशी हिंडणारा, अनेक भाषा जाणणारा. युकीच्या हातांची भाषा ही त्याच्या लेखी आणखी एक परदेशी भाषा आहे, आणि ती शिकण्याची त्याला ओढ आहे. येथे बहिरेपणाची जागा बदलली. ते वैगुण्य उरले नाही. एका वेगळ्या प्रदेशाची ती बोली झाली. जो ती शिकतो तो उपकार करत नाही. त्याला एक नवे जग मिळते. युकी जशी घेते तशी देतेही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेइको तानाबे या लेखिकेने १९८४ साली ‘जोझे, वाघ आणि मासे’ ही लघुकथा लिहिली. जोझेला चालता येत नाही. एका विद्यार्थ्याशी तिची गाठ पडते. या कथेवर २००३ साली चित्रपट आणि २०२० साली चलच्चित्रपट निघाला. नव्या रूपात दोघे एकत्र राहतात. २००३ च्या चित्रपटात मात्र विद्यार्थी तिला सोडून जातो आणि वाटेत ओक्साबोक्शी रडतो. जोझे आपल्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीवरून बाजारहाट करते, स्वयंपाक करते, जगते. प्रेक्षकाला हा शेवट कठोर वाटतो. आम्हांस तो दोहोंत अधिक सन्मानाचा वाटतो. धडधाकटांची प्रेमे मोडतात आणि ती माणसे उभी राहतात. अपंगाचे प्रेम मोडले तर ते माणूसच संपावे, अशी अपेक्षा आपण का करावी?

जपानची ही वाट आपल्याला अगदी अनोळखी आहे असेही नाही. १९६१ साली झेंझो मात्सुयामा यांनी एका मूकबधिर जोडप्यावर चित्रपट काढला; त्याच्या नावाचा अर्थ, ‘नाव नाही, पैसा नाही, पण सुंदर’. त्याच्यावरून गुलजार यांनी १९७२ साली ‘कोशिश’ केला, आणि संजीवकुमार व जया भादुरी यांचे ते मूक जोडपे आपल्या घराघरांत पोचले. बाळापुढे खुळखुळा वाजवून पाहणारे ते आईबाप आठवा. बाळ मान वळवीत नाही आणि दोघे हादरतात; मागाहून कळते, की खुळखुळाच मुका होता. परंतु याच चित्रपटाच्या शेवटी बाप आपल्या ऐकत्या-बोलत्या मुलाने एका मूकबधिर मुलीशी लग्न करावे असा हट्ट धरतो. हट्टामागची वेदना खरी आहे. तरी आमचा प्रश्न उरतोच: त्या मुलीला कोणी विचारले काय?

हा प्रश्न ज्या चित्रपटाने नेमका धरला तो एका मराठी बाईचा आहे. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ १९८० चा. अनिरुद्ध हा अंधशाळेचा मुख्याध्यापक, कविता ही तरुण विधवा. तिच्या गाण्याच्या सुरांमागे जाऊन तो तिला गाठतो. ती शाळेत मुलांना शिकवू लागते, दोघांचे लग्न ठरते. अनिरुद्धला मदत चालते, दया चालत नाही. कोणी न मागता हात पुढे केला की तो चिडतो. आणि एक दिवस त्याला संशय येतो, की कविता माझ्याशी लग्न करते आहे ते माझ्यासाठी नव्हे, आपल्या रित्या आयुष्याला त्यागाचा अर्थ यावा म्हणून. तो लग्न मोडतो. एका अंध माणसाने डोळस सुंदर स्त्रीला नकार दिला! आपल्या पडद्यावर हे दुर्मीळ होते. नकार चुकीचा असेल. पुढे दोघांनाही आपापला अहंकार उतरवावा लागतो. पण ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला किंमत असते. नसिरुद्दीन शाह यांना या भूमिकेसाठी आणि सईबाईंना पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

मराठीत याच्या आसपासची दोन नावे घ्यावी लागतील. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’मध्ये (२००६) नायिका डॉक्टर आहे आणि तिच्या अंगावर कोड आहे. कोड हे काही अपंगत्व नव्हे, संसर्गही नव्हे. तरी लग्नाच्या बाजारात त्याने काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुलाचे सुशिक्षित घर तिला पाहते त्या दोन-चार दिवसांत खरी परीक्षा त्या घराची होते. आणि ‘चौकट राजा’ (१९९१) मध्ये दिलीप प्रभावळकरांचा नंदू, बुद्धीने मुलाएवढाच राहिलेला, बालमैत्रिणीला ओळखतो. त्याच्या मायेला कोणते नाव द्यावे हे आजूबाजूच्या कोणालाच कळत नाही. आपल्यालाही ते अजून कळलेले नाही.

येथे मंगांची मर्यादाही दाखविली पाहिजे. त्यांतील बहुतेक नायक-नायिका तरुण व देखण्या आहेत. जणू अपंगाला प्रेमाचा परवाना हवा तर त्याने निदान रूपाचे भाडे भरावे. बहुतेक जोड्यांत एक अपंग व दुसरा धडधाकट. दोघेही अपंग असे प्रेमिक फार थोडे. बुद्धीच्या अपंगत्वाकडे प्रेमकथा सहसा जात नाहीत. गंमत अशी, की हाच साचा आपल्या सरकारी योजनेतही उतरला. महाराष्ट्र शासनाने २०१४ साली अव्यंग व्यक्तीने अपंगाशी विवाह केल्यास ५० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. संसाराला हातभार म्हणून ते चांगलेच. पण त्या निर्णयात दोघेही अपंग असलेल्या जोडप्याचा विचार नव्हता. ज्या घरात खर्च दुप्पट ते मदतीतून सुटले, कारण तेथे बक्षीस देण्याजोगा ‘मोठ्या मनाचा’ कोणी नव्हता! शासनाचा हेतू शुद्ध होता. दृष्टी मात्र जुन्याच उद्गारातली होती.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. बाबा आणि साधनाताई आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. तेथे बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांची परस्परांशी लग्ने लागली, संसार थाटले गेले. हात झडलेल्या माणसाला रोटी मिळाली म्हणजे भागले, असे त्या जागेने मानले नाही. त्याला घर हवे, माणूस हवे, हे मानले. आणि देशाचा कायदा? कुष्ठरोग औषधाने पुरता बरा होऊ लागून काही दशके लोटली, तरी तो घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात २०१९ पर्यंत टिकून होता. फेफरे हे त्याच कायद्यातून १९९९ साली वगळले गेले. कायदा धावतो तो समाजाच्या मागून, आणि तोही लंगडत. येथे लंगडणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. अपंगत्वाचे शब्द आपण दोषासाठी किती सहज वापरतो, हे ध्यानी यावे म्हणून.

आता हे सारे आपल्या दाराशी आणू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद झाली. ही माणसे आपल्याला लग्नसमारंभात, जत्रेत, नाटकाला, व्याख्यानाला का दिसत नाहीत? प्रेम जमावयाचे तर आधी गाठ पडावी लागते, आणि गाठ पडावयाची तर घराबाहेर पडता आले पाहिजे. वर सांगितलेल्या कथा नीट आठवून पाहा. आयुकावा आणि कावाना भेटतात कामाच्या निमित्ताने, युकी महाविद्यालयात शिकते, अनिरुद्ध शाळा चालवितो. म्हणजे त्या कथांच्या मुळाशी नोकरी आहे, शिक्षण आहे, चढण आहे, उद्वाहन आहे, चाकाची खुर्ची चढेल अशी गाडी आहे. प्रेमकथेच्या पहिल्या ओळीपूर्वी कोणीतरी दाराशी उतार बांधलेला असतो.

माणपासून शिवाजीनगरपर्यंत सुमारे २३ किलोमीटरांच्या मेट्रो-मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. अशा नव्या मार्गांवर उद्वाहने असतात, अंधांच्या काठीला कळतील अशा उठावाच्या फरश्या असतात. परंतु घरापासून स्थानकापर्यंतचा रस्ता आपला असतो. त्या रस्त्यावर पदपथ आहे की वाळूचा ढीग, ग्रामपंचायतीच्या कचेरीला पायऱ्याच आहेत की शेजारी उतारही आहे, मंगल कार्यालयातल्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते काय, हे पाहणे कोणा जपानी लेखिकेचे काम नव्हे. ते आपले आहे.

राहता राहिला घरातला प्रश्न. उद्या आपल्यापैकी कोणाच्या मुलाने येऊन सांगितले, की मला आवडणारी मुलगी ऐकू शकत नाही. किंवा आपलीच पायाने अधू असलेली मुलगी म्हणाली, की मला हा मुलगा पसंत नाही, मी थांबेन. तर आपण काय करू? पहिल्या वेळी मुलाची पाठ थोपटून त्याला थोर ठरविण्याचा मोह होईल. तो टाळावा. त्या मुलीला घरी बोलवावे आणि हातांच्या भाषेतले चार शब्द आपणही शिकून घ्यावे. दुसऱ्या वेळी, ‘तुला कोण आणखी विचारणार आहे?’ हे वाक्य ओठांवर येईल. ते गिळावे. कारण त्या मुलीने नकार दिला यातच आपण तिला नीट वाढविल्याची खूण आहे.